नामांकित बोर्डिंग शाळांचे प्रवेश सोडतीने द्यावेत का?

चौकस (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या खासगी बोर्डिंग शाळांचे निकाल १० मार्च या एकाच दिवशी लागतात. होकार कळवायला १० एप्रिलपर्यंत मुदत. मधल्या काळात वेटिंग लिस्टवरची मुलं आणि त्यांचे आईबाप कसे वागतात हे ज्यांनी पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

माझी भाची यंदा या रांगेत आहे, म्हणून सगळा प्रकार जवळून बघतोय. एसएसएटी (या शाळांची प्रवेशपरीक्षा), शाळेतले गुण, इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांची शिफारसपत्रं, पालकांचं निवेदन, मुलाचे निबंध, मुलाखत. वय वर्षं तेरा. ‘आमच्या शाळेच्या वातावरणात तू काय भर घालशील’ या धर्तीच्या प्रश्नाला तिनं प्रामाणिकपणे लिहिलं होतं, की तिला सायकलची साखळी काढून, पुसून, तेल घालून परत बसवायला आवडतं. अर्जाच्या तयारीसाठी पैसे देऊन लावलेल्या कन्सल्टंटबाईंनी समासात ‘यातून काय शिकलीस?’ असं लिहून कागद परत पाठवला. शेवटच्या खर्ड्यात साखळी गायब होती आणि तिच्या जागी ‘चिकाटी व नेतृत्वगुण’ आले होते. निबंध सुधारला असं सगळे म्हणतात. मला तो वाचवत नाही.

तर माझा प्रस्ताव. चाळणी जरूर लावा. मुलाला तिथला अभ्यास झेपेल का, घराबाहेर राहू शकेल का, एवढं तपासा. त्या चाळणीतून जेवढे उतरतील तेवढ्यांच्या चिठ्ठ्या टाका. जागांपेक्षा लायक मुलं कितीतरी जास्त येतात हे या शाळा दर नकारपत्रात स्वतःच लिहितात ना? मग त्या लायक मुलांत पुन्हा पहिला-दुसरा लावण्याचा आव कशाला? नकार आला तर तो चिठ्ठीचा असेल. तेरा वर्षांच्या पोराच्या स्वभावावर मारलेला शिक्का नसेल.

रातकिडा

+१. या शाळा ज्याला ‘होलिस्टिक’ (मुलाकडे सर्व बाजूंनी बघून केलेली) निवड म्हणतात, ती म्हणजे आम्ही का नाकारलं हे सांगणार नाही, एवढाच अर्थ मला आजवर कळलाय.

खडूवाला

सपशेल असहमत. एका निवासी शाळेत शिकवतो आणि प्रवेशाच्या कामात असतो, त्यामुळे पलीकडची बाजू मांडतो.

बोर्डिंग शाळा मुलाला सहा तास नाही, चोवीस तास घेते. मुलाखतीत आम्ही हुशारी मोजत नाही, ती कागदावर आलेलीच असते. आम्ही शोधत असतो की इथे यायचंय कुणाला, मुलाला की त्याच्या घरच्यांना. आईवडिलांना बाहेर बसवून विचारलं की उत्तर बदलतं. एका मुलाला ‘तुला इथे का यावंसं वाटतं?’ विचारलं, तर तो दाराकडे बघून म्हणाला, ‘बाबांनी पाठ करून घेतलंय, म्हणून दाखवू का?’ त्याचे गुण उत्तम होते. तुमच्या सोडतीत तो अगदी सहज लागला असता.

दुसरं, वर्ग हा वर्ग म्हणून जुळवावा लागतो. एडवर्ड हार्कनेस यांनी १९३० मध्ये अमेरिकेतल्या एक्सेटर या बोर्डिंग शाळेला ५८ लाख डॉलर दिले, त्यातून लंबगोल टेबलाभोवती डझनभर मुलं आणि एक शिक्षक, अशी बोलून शिकण्याची पद्धत तिथे रुजली. आता बऱ्याच शाळा ती वापरतात. त्या टेबलावर बाराच्या बारा बडबडी मुलं बसवून बघा एकदा. किंवा बाराही मुखदुर्बळ. चिठ्ठीला हे कळत नाही.

चौकस

खडूवाले सर, तुमचा तो पाठांतरवाला मुलगा चाळणीतच अडकेल, त्यासाठी मुलाखत राहू दे की. माझं म्हणणं एवढंच की मुलाखतीचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं द्या. ८.३ आणि ८.५ असं देऊ नका.

टेबलाचा मुद्दा पटत नाही. बडबड्या मुलाला गप्प बसायला आणि गप्प मुलाला बोलायला शिकवणं हे शिक्षकाचं काम. निवडतानाच सगळं जुळवून घेतलं तर मग सत्तर हजार डॉलरच्या घरातली वार्षिक फी कशाची?

भोचक भवानी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. खडूवाले, फीवर उत्तर द्या.

आकडेमोड्या

भांडणात थोडी माहिती टाकतो, दोन्ही बाजूंना टोचेल अशी.

आधी एसएसएटी, कारण निम्मी घबराट तिथली आहे. पर्सेंटाइल निघतो तो त्याच इयत्तेत ही परीक्षा देणाऱ्या मुलांशी तुलना करून, देशातल्या सगळ्या मुलांशी नाही. परीक्षेला बसणारी मुलं आधीच निवडक. त्यामुळे शाळेत कायम पहिल्या पाचात असलेलं पोर इथे साठाव्या पर्सेंटाइलला येतं आणि घरात सुतक पडतं. शिवाय अप्पर लेव्हलचा पेपर आठवी ते अकरावीला एकच, म्हणजे आठवीच्या मुलाला न शिकवलेलं त्यात असणारच. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, म्हणून उगाच ठोकाठोकी नको. पण दोन पर्याय नक्की बाद करता येत असतील तर उरलेल्यातून एक निवडणं फायद्याचंच.

आता सोडत. ही कल्पना हवेतली नाही. वॉशिंग्टनची सीड ही सरकारी पैशावर चालणारी निवासी शाळा आहे, तिथे सोडतीनेच प्रवेश होतात. कर्टो आणि फ्रायर या संशोधकांनी चिठ्ठीत लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली (२०१४): वाचन आणि गणितात दर वर्षी चांगली, मोजता येईल अशी वाढ, आणि ती मुख्यतः मुलींमध्ये. खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे ४०,००० डॉलर.

फ्रान्समधल्या सूर्दं इथे २००९ मध्ये जुन्या लष्करी बराकीत निवासी शाळा काढली. तिथेही अर्ज जास्त आल्यावर सोडत झाली. तिथल्या मुलांवरच्या संशोधनात दिसलं की पहिल्या वर्षी मुलं खचलेली होती. दोन वर्षांनी गणित बरंच सुधारलं, पण फायदा झाला तो प्रामुख्याने आधीपासून अभ्यासात पुढे असलेल्यांना.

म्हणजे धागाकर्ते, चिठ्ठीनं शाळा बुडत नाही. पण बोर्डिंग प्रत्येकाला सारखं मानवतं असंही नाही, आणि खडूवाले नेमकं तेच म्हणताहेत.

कालव्याकाठी

नेदरलँड्समध्ये बरीच वर्षं काढली आहेत म्हणून लिहिते. इकडे मेडिकलचे प्रवेश १९७२ पासून सोडतीने होत. गुण जास्त तर चिठ्ठी निघण्याची शक्यता जास्त, अशी वजनदार सोडत. १९९० च्या दशकात शाळेच्या परीक्षेत अत्युत्तम गुण मिळवलेल्या एका मुलीला सोडतीत पुन्हा पुन्हा नकार आला आणि देशभर गदारोळ झाला. हळूहळू सोडत मागे पडली, २०१७ ला पूर्ण बंद. मग काय झालं? विद्यापीठांनी स्वतःच्या परीक्षा, प्रेरणापत्रं वगैरे सुरू केली, त्याबरोबर त्यांची तयारी करून घेणारे क्लासही आले. २०२३ पासून सोडतीला पुन्हा परवानगी मिळाली आहे.

आमच्या शेजारची मुलगी जुन्या पद्धतीत चिठ्ठी न लागल्याने वर्षभर थांबली होती. तिला ‘तू कमी पडलीस’ असं कुणी म्हटलं नाही, हे खरं. पण ती चिडलेली होती, आणि तो राग काढायला समोर कुणी नव्हतं. चौकस, तुमच्या प्रस्तावात या रागाचा हिशेब नाही.

जुना बोर्डर

सगळे दारावर भांडताय, आत काय असतं ते बोला. लहान वयात घरापासून तोडलेल्या मुलांवर मोठेपणी काय परिणाम होतात यावर ब्रिटनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ जॉय शेव्हरियन यांनी ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असं नाव देऊन लिहिलं आहे. ईटनसारख्या शाळेत प्रवेश तेराव्या वर्षी, पण चाचणी दहाव्या-अकराव्या वर्षीच. दहा वर्षांच्या पोराला कसली आलीय चाळणी आणि कसली सोडत! मी स्वतः सातवीपासून बोर्डिंगला होतो. रविवारच्या फोनच्या रांगेत पुढचा मुलगा लवकर आटपेना म्हणून त्याला ढोसणं, हे माझ्या शाळेचं सर्वात ठळक चित्र.

चौकस

बोर्डरसाहेब, मुद्दा मोठा आहे, त्यावर वेगळा धागा काढा, मी पहिला प्रतिसाद देईन. इथे नको.

आठवी ब

नमस्कार. मी मोठा नाहीये, पण यावर्षी अर्ज केलाय म्हणून लिहितो. आईला विचारून लिहितोय.

मला सोडत नको. मला माझा निबंध कुणीतरी वाचायला हवाय. मी तो खरंच स्वतः लिहिलाय, आमच्या इमारतीतल्या लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे का बघत नाहीत यावर. कुणी वाचून नको म्हटलं तर वाईट वाटेल. पण न वाचता चिठ्ठीत हो झालं तर मला तिथे गेल्यावर कायम वाटत राहील की मी चुकून आलोय.

टेन्शन परीक्षेचं नाहीच एवढं. वर्गात सगळे विचारत राहतात की काय झालं, त्याचं आहे. ते सोडतीनं पण जाणार नाही.

रातकिडा

हा मुलगा इथल्या निम्म्या लोकांपेक्षा बरं लिहितो.

चौकस

आठवी ब, तुझा निबंध चाळणीत वाचला जाईलच, सोडत त्यानंतरची. पण तुझ्या मनात ‘मी चुकून आलोय’ हे येतं याचं कारण, आतापर्यंत तुला सांगितलं गेलंय की आत जाणारे सगळे बरोबर मोजून घेतलेले असतात. तसं नसतं रे. बासरी वाजवणारा यंदा शाळा संपवून गेला म्हणून पुढच्या वर्षी बासरीवाल्याला जागा निघते. ती चिठ्ठीच असते, फक्त ती कोण काढतं ते दिसत नाही.

खडूवाला

बासरीवाल्याचं अंशतः खरं आहे, नाकारत नाही. पण मुलाला जे कळलं ते तुम्हाला कळत नाहीये. त्याला कुणीतरी आपल्याकडे नीट बघावं असं वाटतं. मी दर मोसमात रात्री उशिरापर्यंत जे वाचतो ते त्यासाठीच. शेवटी चिठ्ठीच टाकायची असेल तर आमच्यातला कुणी तेवढ्या बारकाईनं वाचणार नाही, हे मी आत्ताच लिहून देतो.

हिशेबनीस

सगळे भावनेवर चाललेत म्हणून कोरडा मुद्दा. अमेरिकेतल्या अँडोव्हर शाळेने २००७ मध्ये आणि एक्सेटरने २०२१ मध्ये जाहीर केलं की प्रवेश देताना घरची ऐपत बघणार नाही. दोन्ही शाळांची गंगाजळी अब्ज डॉलरच्या वर आहे, म्हणून त्यांना ते परवडतं. बाकीच्या बहुसंख्य शाळांत आर्थिक मदतीचं बजेट ठरलेलं असतं. शुद्ध सोडत काढली आणि त्यात मदत लागणारी मुलं जास्त निघाली, तर पैसे कुठून आणणार? कमी निघाली, तर त्या वर्षी ती शाळा निव्वळ श्रीमंतांची. आता समितीतली माणसं हेच गणित गुपचूप जुळवत असतात. चौकस, तुम्ही काय दोन डबे ठेवणार? एक फी भरणाऱ्यांचा, एक न भरणाऱ्यांचा?

चौकस

हो, ठेवीन दोन डबे. आणि कुठल्या डब्यात किती जागा ते आधीच जाहीर करीन. आज डबे आहेतच, फक्त झाकलेले आहेत. मदतीच्या डब्यात दहाच जागा आहेत हे पालकाला ऑक्टोबरमध्ये कळलं, तर तो कन्सल्टंटला पैसे देण्याआधी विचार तरी करील.

हिशेबनीस

ते आकडे कुठली शाळा छापील? मदतीच्या जागा कमी दिसल्या तर गरजू मुलं अर्जच करणार नाहीत, आणि शाळांना तर जास्तीत जास्त अर्ज हवे असतात. अर्ज जितके जास्त तितका प्रवेशाचा टक्का खाली, आणि टक्का खाली म्हणजे शाळा भारी.

चौकस

इथे माझ्याकडे उत्तर नाही. त्यांना भाग पाडणारं कुणी नाही हे मान्य.

आठवी ब

एक प्रश्न. माझी जुळी बहीण पण अर्ज करतेय. सोडतीत आमची चिठ्ठी एकच असेल की दोन?

चौकस

दोन. एकच टाकली तर एका चिठ्ठीला दोन जागा जातील, ते बाकीच्यांवर अन्याय होईल.

खडूवाला

आणि तिची निघाली, याची नाही, तर त्या घरी फोन करून काय सांगायचं ते तुम्ही सांगा. आम्ही निदान अशा दोन फाइली शेजारी ठेवून बोलतो तरी.

आठवी ब

सर, आमचं ठरलंय. एकाचंच झालं तर त्यानं जायचं. तिचं गणित माझ्यापेक्षा चांगलं आहे, त्यामुळे बहुतेक तीच जाईल, आणि मग खोली मला एकट्याला मिळेल.

भोचक भवानी

खोलीचा मुद्दा सर्वात पटला. फीवरचं उत्तर अजून आलेलं नाही, खडूवाले.