जायचं म्हणणाऱ्या क्वार्टरबॅकचा भाव खरंच पडतो का?

नोव्हीकर:
काल इथे एका सदस्यांनी लिहिलं की अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये (NFL) जो क्वार्टरबॅक (चेंडू फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) "मला जाऊ द्या" म्हणतो त्याचा भाव तिथेच निम्मा होतो. उदाहरण दिलं स्टॅफर्डचं. डेट्रॉइट लायन्सनी त्याला घाबरून फुकटात घालवला म्हणे. दोन ओळींत उत्तर देऊन भागेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

मी २००८ पासून मिशिगनमध्ये आहे. लायन्स सोळाच्या सोळा सामने हरले तो माझा पहिला हंगाम. पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची वार्षिक निवड; जो संघ सर्वांत वाईट खेळला तो आधी निवडतो) पहिल्या क्रमांकावर स्टॅफर्ड आला. बारा हंगाम खांदा, बोटं, पाठ सगळं मोडून घेत खेळला, आणि प्लेऑफमधला (हंगामानंतरच्या बाद फेरीतला) एकही विजय पदरात न पडता २०२१ च्या जानेवारीत म्हणाला, आता सोडा. अख्ख्या लीगला ते ठाऊक होतं. तरी लॉस एंजेलिसच्या रॅम्सनी २०२२ आणि २०२३ चे दोन फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडायचे हक्क) दिले, २०२१ चा थर्ड (तिसऱ्या फेरीचा) दिला, आणि वर त्यांचा क्वार्टरबॅक जेरेड गॉफ. तेहतिशीला टेकलेल्या माणसासाठी! याला निम्मा भाव म्हणता?

खेळाडू जातो म्हणाला म्हणून भाव पडत नाही. दारात गिऱ्हाईक एकच उरलं की पडतो.

माइल_हाय_मराठी:
गॉफ "वर" दिला नव्हता हो, गळ्यात मारला होता. २०१९ मध्ये ११ कोटी डॉलरची हमी देऊन बसलेला करार रॅम्सना नकोसा झाला होता. त्या दुसऱ्या फर्स्टमधला मोठा हिस्सा हे ओझं उचलण्याची मजुरी होती. ती वजा करा आणि मग स्टॅफर्डचा भाव सांगा.

आणि आमचं, म्हणजे डेन्व्हरचं, काय झालं ते इथे कुणाला आठवत नाही का? सिएटलच्या क्वार्टरबॅक रसेल विल्सनच्या एजंटने २०२१ मध्येच त्याला जायला चालतील अशा चार संघांची नावं जाहीर केली होती. म्हणजे सिएटलमध्ये बिनसलंय हे उघड होतं. तरी २०२२ च्या मार्चमध्ये आम्ही दोन फर्स्ट, दोन सेकंड, एक फिफ्थ आणि तीन खेळाडू ओतले, आणि पाच वर्षांचा २४ कोटींवरचा नवा करारही केला. पहिल्याच हंगामात ५-१२ (पाच विजय, बारा पराभव). कोचला हंगाम संपेपर्यंतसुद्धा ठेवलं नाही. २०२४ मध्ये विल्सनला सोडून दिलं आणि साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी (सोडलेल्या खेळाडूचा उरलेला खर्च) दोन वर्षं कॅपवर (संघाच्या पगार-मर्यादेत) वागवला. विकणाऱ्याला आतलं माहीत असतं. मी इथे पहिली जुनी गाडी घेतली तेव्हाही मालक घाईत होता, आणि तीन महिन्यांत गिअरबॉक्स गेला. घाईत विकणाऱ्याकडून स्वस्तातच घ्यायचं असतं.

सिएटलचा_पाऊस:
मग स्वस्तात का नाही घेतलंत? विल्सनकडे नो-ट्रेड क्लॉज होता (त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या संघाला देता येत नाही), म्हणजे आमच्या हातात मोजकीच गिऱ्हाइकं. तरी तुम्ही एवढं दिलंत. म्हणजे काल लिहिणाऱ्यांचा सिद्धांत तुमच्याच उदाहरणाने खोटा ठरला.

यात एक गंमत कुणी लक्षात घेत नाही. पिकचा भाव ट्रेडच्या दिवशी ठरतच नाही. विकलेला माणूस नव्या घरी जिंकला तर तुमच्या हातातला पिक घसरतो, हरला तर वर चढतो. तुम्ही ५-१२ गेलात म्हणून तुमचा २०२३ चा फर्स्ट पाचवा आला, आणि आम्ही विदरस्पून घेतला. रॅम्स स्टॅफर्डला घेऊन सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकले, म्हणून लायन्सना त्यांचा २०२२ चा फर्स्ट बत्तिसावा, म्हणजे फेरीतला शेवटचा मिळाला. पुढच्या वर्षी रॅम्स कोसळले आणि दुसरा पिक सहावा आला. एकाच ट्रेडमधले दोन फर्स्ट, आणि जमीन-अस्मानाचा फरक.

जुन्या_वळणाचा:
तुम्ही सगळे भावावरच अडलात. मुळात विकायचंच कशाला? म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. २०११ मध्ये सिनसिनाटीचा क्वार्टरबॅक कार्सन पामर म्हणाला, ट्रेड करा नाहीतर निवृत्त होतो. संघाचे मालक माइक ब्राउन यांनी सांगितलं, करार केलायस, तो पाळ. बसला घरी. असा कणा हवा. करार म्हणजे करार. आमच्याकडे पोरं दुसरी ऑफर खिशात घालून नोटीस पिरियडला टांग मारतात, तीच ही वृत्ती.

हिंजवडी_फेज_तीन:
मी फक्त वाचायला आलो होतो, पण हे सहन होत नाही. कसली वृत्ती? नव्वद दिवसांचा नोटीस पिरियड कंपनीने लिहायचा, आम्ही सही करायची. कंपनीला काढायचं असलं की संध्याकाळी बोलावून लॅपटॉप काढून घेतात. माझ्या आधीच्या कंपनीने रिलीव्हिंग लेटर दोन महिने अडवलं. हातातली चांगली ऑफर गेली, आणि लग्न ठरत होतं तेव्हाच. पामरला घरी बसणं परवडलं. मला एक महिनासुद्धा परवडत नव्हता.

जुन्या_वळणाचा:
माझं भोसरीला छोटं वर्कशॉप आहे. एका मुलाला आठ महिने सीएनसी मशीन शिकवलं. टूल मोडले, जॉब रिजेक्ट झाले, सगळं मी सोसलं. हात बसला आणि दोन हजार जास्त मिळतात म्हणून शेजारच्या गाळ्यात गेला. तेव्हापासून बॉन्ड लिहून घेतो. माझे आठ महिने कोण भरून देणार?

हिंजवडी_फेज_तीन:
पगार किती देत होतात ते लिहा की. दोन हजारांसाठी माणूस जातो म्हणजे त्याला दोन हजारांची गरज असते.

जुन्या_वळणाचा:
तुम्ही माझा हिशेब मागायचं कारण नाही.

सिएटलचा_पाऊस:
धागा भरकटतोय, पण हिंजवडीकरांशी सहमत. मी इथे एच-वन-बी व्हिसावर आहे. नोकरी बदलायची तर नव्या कंपनीने कागद करायचे, आणि मध्येच नोकरी गेली तर साठ दिवसांत सोय बघायची. जाऊ इच्छिणाऱ्याला कृतघ्न म्हणणं सोपं असतं.

नोव्हीकर:
कृपया मूळ मुद्द्यावर या. जुन्यावळणाचा, पामरची गोष्ट तुम्ही अर्धीच सांगितलीत. माइक ब्राउन यांनी शेवटी विकलाच त्याला! ऑक्टोबरमध्ये ओकलंडच्या रेडर्सच्या क्वार्टरबॅकचं कॉलरबोन मोडलं आणि ते धावत आले. सहा सामने घरी बसलेल्या माणसासाठी एक फर्स्ट आणि एक सेकंड देऊन गेले. गरजवंताला अक्कल नसते. आणि ब्राउन थांबू शकले, कारण त्यांनी ड्राफ्टमध्ये अँडी डाल्टन हा नवा क्वार्टरबॅक आधीच घेऊन ठेवला होता. पर्याय हातात असेल तरच असा ताठा जमतो.

माइल_हाय_मराठी:
घेणाऱ्याची गरज भाव ठरवते, एवढं मान्य. आम्हीच तसे गरजवंत होतो, त्यामुळे नाकारता येत नाही. पण ग्रीन बेच्या क्वार्टरबॅक रॉजर्सचं काय? २०२३ मध्ये तो उघडपणे म्हणाला की मला न्यूयॉर्क जेट्सकडे जायचंय. ग्रीन बेला पुढच्या वर्षीचा फर्स्ट पक्का मिळालाच नाही. अट घातली की रॉजर्स ६५ टक्के स्नॅप (खेळी) खेळला तर फर्स्ट, नाहीतर सेकंड. चौथ्या स्नॅपला त्याच्या टाचेवरचा अकिलीस (टेंडन) तुटला. फर्स्ट गेला. खेळाडूने गिऱ्हाइकाचं नाव जाहीर केलं की भाव पडतो, हे तुम्हीही माना.

नोव्हीकर:
मानतो. एकाच संघाचं नाव घेतलं की पडतो. मीही पहिल्या पोस्टमध्ये दुसरं काय म्हटलं होतं? पण गॉफला ओझं म्हणालात, ते मला लागलं. १४ जानेवारी २०२४ ला स्टॅफर्ड रॅम्सच्या जर्सीत आमच्या फोर्ड फील्डवर आला. आम्ही २४-२३ ने जिंकलो. बत्तीस वर्षांतला प्लेऑफमधला पहिला विजय. अख्खं स्टेडियम गॉफच्या नावाने ओरडत होतं. माझा मुलगा दिवाणखान्यात रडत होता, कारण त्याने लहानपणापासून स्टॅफर्डचीच नऊ नंबरची जर्सी घातलेली. तो सहावा पिक देऊन आम्ही नंतरचे पिक घेतले आणि गिब्स आणि लापोर्टा असे दोघं खेळाडू मिळवले. ते ओझं नव्हतं.

माइल_हाय_मराठी:
गॉफबद्दल शब्द मागे घेतो. रॅम्सनी त्याला ओझं समजूनच दिला होता, हे मात्र मागे घेत नाही.

जुन्या_वळणाचा:
हिंजवडी, काल रागात लिहिलं. चौदा हजार देत होतो. आता त्याच मशीनवरच्या मुलाला बावीस देतो, कारण त्याखाली कुणी येत नाही. बॉन्ड अजून लिहून घेतो.