आखडलेल्या बोटांनी चित्र आणि कविता

मोरपीस: मला आमवाती संधिवात आहे. औषधे नियमित चालू असली, तरी सकाळी बोटे आखडलेली असतात आणि पूर्वी जलरंगात निसर्गचित्रे काढणाऱ्या माझ्या हाताला आता बारीक कुंचला चिमटीत धरवत नाही. दुखण्यावर कविता लिहून पाहिल्या. पण पुन्हा वाचताना त्या डॉक्टरांपुढे ठेवायच्या तक्रारींच्या यादीसारख्या वाटतात. हे जगणे कलेत आणावे तरी कसे, की जुनेच विषय धरून राहावे?

कागदवेडा: आधी हाताचे पाहू. कुंचल्याच्या दांडीवर फोमची नळी चढवावी किंवा सुती पट्टी गुंडाळावी, म्हणजे दांडी धरताना बोटे पूर्ण मिटावी लागत नाहीत. खांदे दुखत नसतील, तर कागद उभा लावून हात मनगटाऐवजी खांद्यातून फिरवावा. जलरंग ओघळतील हे खरे, म्हणून गुआश, म्हणजे दाट, अपारदर्शक जलरंग, वापरून पाहा. सकाळचे आखडलेपण उतरल्याशिवाय चित्राला बसू नये.

उत्तररात्र: चित्रकार पॉल क्ले 1935 मध्ये आजारी पडला. तो आजार स्क्लेरोडर्मा, म्हणजे त्वचा कडक होत जाणारा विकार, असावा असे पुढे मानले गेले. 1936 मध्ये त्याच्या हातून जेमतेम पंचवीस कलाकृती झाल्या आणि 1939 मध्ये बाराशेहून अधिक! या शेवटच्या चित्रांत नाजूक रेषेऐवजी ठसठशीत काळ्या रेषा दिसतात, आणि आजाराचे नावही न घेता त्या पुष्कळ बोलतात. संधिवात झालेल्या फ्रेंच चित्रकार रेन्वारच्या हाताला कुंचला बांधत असत, ही कथा मात्र सोडून द्यावी. पट्ट्या तळव्याची कातडी जपण्यासाठी असत आणि कुंचला कुणीतरी त्याच्या बोटांत देत असे. वेदनेमुळे कलावंत मोठा होतो, हे मला अजिबात पटत नाही.

ओवीकार: नाशिकचे कवी गोविंद (निधन 1926) पायांनी अधू होते. 'सुंदर मी होणार' या त्यांच्या कवितेत दुखण्याची जंत्री नाही. मरणातून नवे रूप मिळेल, या कल्पनेचा उत्साह आहे. आपल्याला मरणापर्यंत जाण्याची गरज नाही. यादीतली एकच गोष्ट घ्या, उदाहरणार्थ साडीच्या निऱ्या: चिमूट लागते ती तिथेही. कोणती निरी सुटते, कोण सावरून देते, तेव्हा काय बोलणे होते, एवढेच लिहा आणि 'वेदना' हा शब्द कटाक्षाने टाळा. लिहिणेही जड जात असेल, तर ओळी फोनवर बोलून टिपाव्यात. ओवी तर जात्यावर बसून गातच रचली गेली.

मोरपीस: निऱ्या सासूबाई घालून देतात, आणि त्या वेळी आम्ही दोघी हटकून भाजीच्या भावावर बोलतो. तेच लिहायला घेते. गुआशसाठी कागद कोणता घ्यावा?

कागदवेडा: 300 ग्रॅमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) घ्यावा, पातळ कागद ओला झाला की सुरकुततो.