बेटावरचं बालपण (गोड गोड नको, खरं लिहा)

सरमिसळ:
मॉरिशसला चक्रीवादळाचा इशारा, अशी बातमी काल नवऱ्याने वाचून दाखवली आणि माझ्या पोटात गोळा आला. त्याला वाटलं वादळाची भीती. छे.

तिथे इशाऱ्याचे चार वर्ग असतात. पहिल्या-दुसऱ्यात लोक मेणबत्त्या, पाव, डब्यातले मासे आणून ठेवतात. तिसरा लागला की कामं बंद, सगळे घरात. चौथा म्हणजे ताशी १२० किमीचे झोत सुरू झालेले, दार उघडायचं नाही. आमच्याकडे तिसरा लागला म्हणजे बाबा घरी. बाटलीसकट. ऊस तिथला, रमही तिथलीच.

बाबा इचलकरंजीचे, मॉरिशसच्या एका कापड कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. घर क्युअरपीपला. सुट्टीत गावी आलो की सगळे म्हणायचे, मजा आहे बुवा, रोज समुद्र! अहो क्युअरपीप उंचावर आहे, सदा पाऊस, कपडे वाळायचे नाहीत. फेब्रुवारी १९९४च्या होलांडा वादळात वीज गेली ती कितीतरी दिवस आली नाही. त्या अंधारात घरात काय झालं ते नाही लिहीत.

गावी असती तर आई बॅग भरून सांगलीला मामाकडे गेली असती. तिथे माहेर समुद्रापलीकडे आणि पासपोर्ट बाबांच्या कपाटात. अजून कुणाचं असं झालंय?

खोबरेल:
आमचं उलटं. आई मालदीवला एका छोट्या बेटावर गणित शिकवायची, पप्पा तिच्यामागून आलेले, नोकरी नाही. दारू फक्त रिसॉर्टवर, लोकवस्तीच्या बेटांवर बंदी. त्यामुळे पप्पा सुधारले असं सगळ्यांना वाटलं. सुधारले नव्हते, मिळत नव्हती. मग सगळा राग जिभेवर. "बायकोच्या पैशावर जगतो" हे ते स्वतःच म्हणायचे आणि शिक्षा आम्हाला. करार संपून कोल्हापूरला उतरलो त्याच संध्याकाळी... असो. रोज टूना खाऊन खाऊन मी आता मासा बघतसुद्धा नाही

चहा_बिनसाखर:
सरमिसळ, तुला घट्ट मिठी. दालपुरी खाल्लीस का गं तिथे? आम्ही ट्रिपला गेलेलो तेव्हा पोर्ट लुईच्या बाजारात खाल्लेली, अजून आठवते

निमूट:
सिंगापूर. आईचा नि माझा डिपेंडंट पास, म्हणजे वडिलांची नोकरी आहे तोवर आपण. भांडण झालं की एवढंच म्हणायचे, "पास रद्द करतो, जा." आवाज न चढवता. शेजारीपाजारी सगळे ओळखीचे म्हणून घरात भांडणंही कुजबुजत. गणपतीत आई हसत हसत मोदक वाटायची, मला तिचाच राग यायचा. लिफ्ट आली, नंतर लिहिते

सदाशिव_शनिवार:
स्पष्ट लिहितो. आईवडिलांची धुणी चव्हाट्यावर धुऊ नयेत. त्यांनी परदेशात खस्ता खाल्ल्या म्हणून तुम्ही शिकलात.

खोबरेल:
काका, खस्ता आईने खाल्ल्या. पगाराची स्लिप दाखवू का?

कडीपत्ता:
हाहा खोबरेल. पण सरमिसळ, मॉरिशसला तर आपली मराठी माणसं किती आहेत, कोणी मध्ये पडत नव्हतं?

सरमिसळ:
पडायची ना, शेजारची आजी. पिढ्यान्पिढ्या तिथलीच, पूर्वज रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर आलेले. आरत्या मराठीत तोंडपाठ, बोलणं सगळं क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून आलेली बोली. आईला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही. रात्री दार वाजवलं की काही न विचारता गादी घालायची. सकाळी बाबा न्यायला आले की त्यांना अंगणातच उभं करून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं झापायची. बाबांना क्रिओल छान यायची, शब्दन् शब्द पोचायचा.
चहा, दालपुरी म्हणजे जीव! नेहमी जोडीनेच मिळते, सोबत मोठ्या पावट्यांची रस्साभाजी. आत पिवळ्या वाटाण्याची डाळ असते, हरभऱ्याची नाही

निमूट:
मघाशी अर्धवट राहिलं. पास शेवटी रद्द झाला, पण वडिलांचाच. २००९मध्ये कंपनीने माणसं कमी केली. महिन्याभरात देश सोडायचा होता. आईने इतक्या उत्साहाने सामान बांधलेलं मी कधी पाहिलं नव्हतं

चहा_बिनसाखर:
निमूट, आईला नमस्कार सांग माझा. बाकी पिवळा वाटाणा होय! म्हणूनच माझी दरवेळी फाटते. शिजवून वाटायची की भिजवून?

कडीपत्ता:
शिजवून, पण बोटचेपी. पाणी पार निथळून कोरडीच वाट, हळद-जिरं आतच. ते गाळलेलं पाणी टाकू नको, त्यातच पीठ मळ