मदत हवी आहे: लेझर एचिंगसाठी मराठी नावांची फाइल, शिरोरेषा तुटते आणि माप बदलते

काळ्या ॲनोडाइज्ड (पृष्ठभागावर रंगीत ऑक्साइडचा थर दिलेल्या) ॲल्युमिनियमच्या 25 नेमप्लेट करून घ्यायच्या आहेत. माप 80 × 40 मिमी. डावीकडे 30 मिमी रुंद लोगो, उजवीकडे मराठी नाव. अक्षरांचे कर्व्ह करून (टाइप केलेला मजकूर नुसत्या आकारांत बदलून) एसव्हीजी फाइल लेझरवाल्याकडे पाठवली, तर तिकडे ती 60 × 30 मिमीची उघडली. नमुन्याच्या पाटीवर शिरोरेषेत दोन अक्षरांच्या सांध्यावर बारीक खाचा दिसतात. लोगो 400 पिक्सेल रुंद जेपीजी आहे, तो चालेल का? आणि काळ्या पाटीसाठी फाइल उलटी, म्हणजे निगेटिव्ह, द्यायची का?

प्रतिसाद 1
खाचांचं कारण फाँटमध्येच आहे. शिरोरेषा अखंड दिसावी म्हणून देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षराची रेषा शेजारच्या अक्षरावर किंचित चढवलेली असते. कर्व्ह केल्यावर ते सुटे आकार एकमेकांवर तसेच राहतात. लेझरचं सॉफ्टवेअर सगळे आकार एकत्र भरताना दोनदा झाकलेला भाग रिकामा धरतं, म्हणून नेमकं तिथे कोरलं जात नाही. उपाय: कर्व्ह केल्यावर अनग्रुप करा, एका शब्दाची सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे त्यांचा एकच अखंड आकार होईल (इंकस्केप या ड्रॉइंग सॉफ्टवेअरमध्ये युनियन). कंबाइन करू नका, त्याने आकार नुसते एकत्र बांधले जातात आणि खाच तशीच राहते. मग वायरफ्रेममध्ये (फक्त कडा दाखवणाऱ्या दृश्यात) पाहा: शिरोरेषेला आडवी छेदणारी एकही रेघ दिसता कामा नये. रकार आणि जोडाक्षरंही तिथेच तपासा.

आणखी एक, फक्त फिल (आतला भरलेला रंग) ठेवा, आऊटलाइन (कडेची रेघ) काढून टाका. ती राहिली तर अक्षराच्या कडेने लेझर पुन्हा फिरण्याची शक्यता असते आणि अक्षरं, मात्रांच्या आतल्या जागा बुजतात.

प्रतिसाद 2
80 चे 60 म्हणजे बरोबर 75 टक्के. फाइल 72 पिक्सेल प्रति इंच धरून लिहिली गेली आणि 96 धरून वाचली गेली. म्हणून पीडीएफ द्या, त्यात प्रत्यक्ष माप टिकतं. शिवाय 80 × 40 ची चौकट वेगळ्या लेयरवर, वेगळ्या रंगात ठेवून "फक्त मापासाठी, कोरू नये" असं कळवा.

निगेटिव्हबद्दल: फाइलमधलं काळं तेवढं कोरलं जातं आणि या पाटीवर कोरलेला भाग पांढुरका उमटतो. त्यामुळे काळी अक्षरं तशीच द्या. फोटो असेल तरच उलटा करावा लागतो.

400 पिक्सेल 30 मिमीत बसवले की साधारण 339 डीपीआय (एका इंचातले ठिपके) होतात, म्हणजे आकडा पुरेसा आहे. पण जेपीजीच्या कडांभोवतीचे राखाडी ठिपकेही कोरले जातात. लोगो व्हेक्टरमध्ये (पिक्सेलऐवजी रेषा-वक्रांनी) पुन्हा काढलेला बरा. ऑटो ट्रेस केलात (सॉफ्टवेअरकडून चित्राच्या कडा आपोआप काढून घेतल्यात) तर जादा नोड, म्हणजे कडेवरचे बिंदू, कमी करा, नाहीतर वर्तुळं कोनेदार होतात.

मूळ प्रश्नकर्ता
वेल्ड केल्यावर नावात चूक सापडली तर?

प्रतिसाद 1
अक्षरं टाइप करून बदलता येणार नाहीत. म्हणून टाइप केलेली मूळ फाइल वेगळी जपा, 25 नावं त्यातच तपासून घ्या आणि मगच वेल्ड केलेली प्रत पाठवा. अक्षरातल्या कोणत्याही रेघेची जाडी 0.2 मिमीच्या खाली जाऊ देऊ नका.