मदत हवी आहे: नवतपा, रक्ताचे नमुने आणि टी-पेशी

मंडळी, कोविड आणि फ्लूच्या लसींनंतर टी-पेशींचा (विषाणूशी लढणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा) प्रतिसाद किती टिकतो, यावर माझी पीएचडी सुरू आहे. नमुने कामठीहून नागपूरला येतात, हेपॅरिनच्या (रक्त गोठू न देणाऱ्या द्रव्याच्या) हिरव्या झाकणाच्या नळ्यांत. बर्फात ठेवायचे नाहीत, १८ ते २५ अंशांत आणायचे, हे पाठ आहे. पण नवतपा! पारा ४५ वर, स्कूटीची डिकी म्हणजे भट्टीच.

परवा फायकॉलवर (पेशी वेगळ्या करणाऱ्या दाट द्रावणावर) रक्त घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं, तर पांढऱ्या पेशींचं कडं नीट उमटलंच नाही. धूसर, लालसर थर. पेशी कमी मिळाल्या त्या मिळाल्याच, वर एलिस्पॉटमध्ये (प्रतिसाद देणाऱ्या पेशी ठिपक्यांवरून मोजायच्या चाचणीत) पेप्टाइड, म्हणजे विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे, न घातलेल्या प्लेटच्या विहिरींतही इंटरफेरॉन-गॅमाचे (चेतवलेल्या टी-पेशी सोडतात त्या प्रथिनाचे) ठिपके! मग कोविड विषाणूच्या स्पाइक प्रथिनाला प्रतिसाद म्हणून आलेले ठिपके मोजून सांगू तरी काय? सर म्हणतात, हात बसला नाही. हिवाळ्यात याच हातांनी छान जमलं होतं की.

विदर्भात कुणी भर उन्हाळ्यात रक्त आणलं असेल तर सांगा: डब्यात कोणते जेल पॅक, किती गार करून ठेवता? एसी बंद पडल्यापासून फायकॉलची बाटली कूलरच्या खोलीत ३२ अंशांवर असते. गडबड तिथेच तर नाही?