बुलबुलचं पिल्लू वाचवलं की आईबापांपासून तोडलं?

विश्वामित्रीकाठचा
काल आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर फोटो आला ना, बुटाच्या खोक्यात बुलबुलचं पिल्लू, शेजारी वाटीत दूध-पोळी, खाली "आज एक जीव वाचवला" आणि त्यावर बदामांचा नुसता पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय. फोटो मोठा करून बघा जरा. अंगभर पिसं आहेत, शेपूट आखूड, आणि पायांनी खोक्याची कड घट्ट धरलीये. हे घरट्यातून पडलेलं नाही, स्वतःहून बाहेर आलेलं आहे. बुलबुलची पिल्लं साधारण १२ दिवसांत घरटं सोडतात, तेव्हा त्यांना धड उडता येतच नाही, पुढचे काही दिवस आईबाप झुडपात येऊन भरवतात. तुम्ही उचललंत तेव्हा वर वायरीवर बसून कोण ओरडत होतं ते बघितलंत का? आणि दूध पक्ष्यांना पचत नाही हो! ड्रॉपरने पाणी तर मुळीच नको, श्वासनळीचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, थेंब सरळ फुप्फुसात जातो.

मांजलपूरची काकू
फोटो माझाच आहे. दुपारची वेळ, डांबर तापलेलं, पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकत होतं आणि समोर ॲक्टिवाखाली बोका दबा धरून. मी काय आईबापांची वाट बघत उभी राहू? तुमचे ते बुलबुल बोक्याला हाकलणार होते का? माझ्या सासूबाईंनी दांडिया बाजारच्या वाड्यात चिमणीची पिल्लं सातूच्या पिठावर जगवली होती, छान उडून गेली. पुस्तकं वाचून आम्हाला शिकवू नका.

विश्वामित्रीकाठचा
बोका होता हे मान्य, उचललंत तेही बरोबर. पण घरी कशाला? तिथेच जास्वंदीत नाहीतर मेंदीच्या कुंपणात उंचावर ठेवायचं आणि लांब जाऊन बघायचं. माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते हे खोटं आहे, पक्षी वासावरून पिल्लू टाकत नाहीत. अगदी उघडं, बिनपिसांचं असेल तर परत घरट्यात ठेवा, घरटंच पडलं असेल तर त्याच झाडाला टोपली बांधा. बोक्याचा दात लागला असेल तर मात्र एवढीशी जखम असली तरी लगेच डॉक्टर, त्या लाळेतल्या जंतूंनी पक्षी मरतो. सासूबाईंच्या चिमण्या जगल्या, आनंद आहे, पण पिल्लांचं खरं खाणं किडे आणि अळ्या. शिवाय बुलबुल घरात पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही.

रावपुरा_रोजचा
कायदा म्हणे! १४ जानेवारीला कुठे जातो हा कायदा? एका बुलबुलसाठी एवढा निबंध, आणि उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांत, हेच सगळे अगाशीवर, गच्चीवर हो, काचेची दोरी घेऊन "काप्यो छे" (कापला!) ओरडत असतात. संध्याकाळी बगळे, शराटी थव्याने परत येतात नेमकी तेव्हाच आकाशात सगळ्यात जास्त दोरी असते. मी पंख लोंबकळणारा बगळा उचललाय, हाडापर्यंत कापलेला.

अगाशीवाला
झालं, आला सणावर घसरून. पतंग आमच्या आजोबांपासून आहे. आम्ही साधी सुती दोरी रंगवून घेतो, नायलॉनवर २०१७ पासून देशभर बंदी आहे, तो विकणाऱ्यांना पकडा. वर्षभर मांजरांना दूध घालणाऱ्यांना कोणी काही बोलत नाही, आमचे मात्र दोन दिवस सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतात.

रावपुरा_रोजचा
सुती दोरीलाही काच लावता की नाही? मग झालं तर. सण करू नका असं म्हटलंच नाही. सकाळी लवकर आणि संध्याकाळी पक्षी घरी जातात त्या वेळी दोरी गुंडाळून ठेवा, इतकंच. गुजरात सरकारच्या करुणा अभियानातही, म्हणजे पतंगाच्या दिवसांत पक्षी वाचवायच्या मोहिमेत, हेच सांगतात, १० ते २० जानेवारी, जखमी पक्ष्यासाठी १९६२ ला फोन.

अगाशीवाला
संध्याकाळी पतंगाच्या दोरीला कागदी कंदील बांधून तुक्कल सोडतात, ती बंद करू? बरं, दोरी आवरायचं बघू. पण घरात पोरांना समजावायला तुम्ही या.

मांजलपूरची काकू
तुमचा पतंग संपला असेल तर माझं ऐका. आज सकाळी जास्वंदीत ठेवलं पिल्लू. थोड्या वेळाने दोघं आले, चोचीत हिरवी अळी. म्हणजे तुमचं खरं ठरलं, पण सांगायची ही पद्धत नव्हे. आणि एक दिसलं. त्याच्या डाव्या पायाला गुलाबी दोरा गुंडाळलेला होता, पतंगाचाच, घरट्यात विणलेला असणार. मी नखकात्रीने कापला, बोटावर खोल वळ होता. खोक्यात नेलं नसतं तर तो दिसलाही नसता, हे पण लिहा कुठेतरी.

विश्वामित्रीकाठचा
लिहितो. दोरा कापलात हे फार मोठं काम झालं, आणि माझा सूर चढला होता तो तुम्हाला लागला असेल तर चूक माझी. तरी खोकं नको, हे म्हणणं कायम आहे.

रावपुरा_रोजचा
घ्या, मे महिन्यातही जानेवारीची दोरी पायात. कडुलिंबावर अजून लोंबतायत गुंते. या रविवारी बांबू घेऊन काढूया.

विश्वामित्रीकाठचा
आत्ता नको, त्याच फांद्यांवर घरटी आहेत. हाताला येतो तेवढाच काढा, उंचावरचा पावसाळा संपल्यावर. आणि वासी उत्तरायण, म्हणजे पतंगाचा दुसरा दिवस, झाली की १६ तारखेला सकाळीच बांबू बाहेर काढायचा, अगाशीवाले पहिले.