मदत हवी आहे : नाक्यावर मजूर उरतात, तरी हजेरी (दिवसाची मजुरी) का उतरत नाही?

नमस्कार मंडळी. मुलगी एफवायला आहे, अर्थशास्त्र घेतलंय. तिच्या गाइडात मागणीची एक रेघ, पुरवठ्याची एक, आणि त्या छेदतात तिथे मजुरी ठरते. मजूर उरले तर मजुरी उतरते, मग सगळ्यांना काम मिळतं. बेकारी टिकलीच तर दोष किमान वेतनाचा किंवा युनियनचा.

मी नाशकात फरशी-प्लंबिंगची छोटी कामं घेतो, बिगारी नाक्यावरून उचलतो. तिथे कसलं किमान वेतन अन् कसली युनियन!

गेल्या सोमवारी साडेनऊला पेठ-सुरगाण्याकडची वीसेक माणसं डबे घेऊन अजून उभीच. त्यानंतर कोणी उचलत नाही, हे त्यांनाही ठाऊक. एका पोराला म्हटलं, "उशीर झालाय, 700 चे 600 घे, चल." तो बोलायच्या आत शेजारचे बाबा म्हणाले, "शेठ, आज हा 600 मध्ये आला तर उद्या सगळ्यांना तेच." पोरगा खाली बघत उभा राहिला. शेवटी 700 नेच नेला. खरं सांगायचं तर 600 ला पटकन तयार होणाऱ्याने भिंत फोडताना पाइप फोडल्याचा अनुभव माझ्या गाठीशी आहे.

उरलेल्यांना गाइड 'ऐच्छिक बेकार', म्हणजे स्वतःहून काम नाकारणारे, म्हणतं. पटत नाही. परीक्षेत काय लिहायला सांगू तिला?

प्रतिसाद : आकृती लासलगावच्या कांद्याला बरी लागू पडते. कांदा शेजारच्या कांद्याकडे बघत नाही. भारतातल्या शेतमजुरीवर अर्थतज्ज्ञ सुप्रीत कौर यांचा 2019 चा अभ्यास आहे : चांगल्या पावसाच्या वर्षी मजुरी चढते, पुढे पाऊस बेताचा झाला तरी उतरत नाही, रोजगार मात्र घटतो. बाबांचंच म्हणणं. किमान वेतन वाढलं की रोजगार घटतोच, असंही नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सीत 1992 साली ते ताशी 4.25 वरून 5.05 डॉलर झालं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियाशी तुलना करून कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांना फास्ट फूडमधला रोजगार घटलेला दिसला नाही. मुलीला म्हणावं, आधी आकृती काढ, मग 'मर्यादा' लिहून अर्थतज्ज्ञ केन्सची 'अनैच्छिक बेकारी' (चालू मजुरीवर तयार असूनही काम न मिळणं) घाल. मार्क जाणार नाहीत.

धागाकर्ता : आभार. आणि पाइपचं?

प्रतिसाद : त्याला 'कार्यक्षमता वेतन' म्हणतात : मजुरी थोडी जास्त ठेवली की माणूस चांगला मिळतो आणि काम नीट होतं, म्हणून मालकच ती उतरवत नाही. तेही घाला.